ताण वाढला की दाढा दुखतात, हे खरे आहे का?

ठाणेकरीण (प्रश्न)
मी ऐरोलीतील एका कंपनीच्या लेखा विभागात काम करते. मार्चअखेरची कामे सुरू झाल्यापासून सकाळी उठल्यावर जबडा आखडलेला असतो, कानशिले ठणकतात, थंड पाणी दाढांना झोंबते आणि वरचेवर तोंडही येते. दातांच्या डॉक्टरांनी एक्स-रे पाहून कीड नसल्याचे सांगितले. मी झोपेत दात खात असेन, असे म्हणून त्यांनी नाईट गार्ड, म्हणजे झोपताना दातांवर बसवायचे संरक्षक आवरण, सुचवले. सासूबाईंना मात्र जंतांची शंका आहे. ताणाचा दातांशी इतका थेट संबंध असतो का, आणि गार्डने हे थांबेल का?

नेरूळचा दंतवैद्य
ताई, संबंध नक्कीच आहे. ताणाखाली चघळण्याचे स्नायू आवळले जातात आणि झोपेत त्या जोराला आवर घालणारे भान नसल्यामुळे दातांचे वरचे कठीण आवरण झिजते, क्वचित दाढेला तडाही जातो. हे आवरण पुन्हा तयार होत नाही. ते पातळ झाले की थंड-गरम झोंबू लागते. गालाच्या आतील बाजूस दातांच्या रेषेत पांढरी रेघ किंवा जिभेच्या कडांवर दातांचे ठसे दिसतात का, हे आरशात पाहा. जंतांचा संबंध सिद्ध झालेला नाही, तेव्हा त्या भरवशावर थांबू नका.

गार्ड दातांची झीज वाचवतो. दात खाण्याची सवय तो मोडेलच असे नाही. माझ्या मते खरी मेख दिवसा असते. संगणकासमोर बसलेला माणूस नकळत दात आवळून धरतो; वास्तविक ओठ मिटलेले असताना वरचे व खालचे दात एकमेकांना टेकायला नकोत. दर तासाला एवढे तपासून जबडा सैल सोडलात, तरी स्नायूंना बराच आराम मिळतो.

वाशीची वाचक
दोन गोष्टी डॉक्टरांना आवर्जून सांगाव्यात. नैराश्यावरील फ्लुओक्सेटीन, सर्ट्रालीन यांसारख्या औषधांमुळे काहींना दात खाण्याचा त्रास सुरू होतो, मात्र म्हणून ती आपल्या मनाने बंद करू नयेत. दुसरे म्हणजे घोरणे. माझे यजमान दात खात, तेव्हा सारे खापर आम्ही कार्यालयावर फोडत होतो. झोपेच्या तपासणीत रात्री त्यांचा श्वास अडतो असे निघाले.

कोपरखैरणेकर
सगळेच ताणावर ढकलू नये, असे मलाही वाटते. तोंड येण्यामागे लोह, बी-१२ किंवा फोलिक ॲसिडची कमतरता असू शकते, आणि ती साध्या रक्ततपासणीत कळते. तीन आठवड्यांत न भरणारा व्रण, विशेषतः तंबाखू किंवा मशेरीची सवय असल्यास, ताबडतोब दाखवावा. हिरड्यांचे म्हणाल तर ताणाने प्रतिकारशक्ती मंदावते हे खरे, पण थकून रात्री ब्रश न करताच झोपणे हेही त्या दिवसांत वाढते, आणि त्याचा हिशेब कुणी धरत नाही. खर्चाची अडचण असेल तर नेरूळ व कामोठे येथील दंत महाविद्यालयांत तपासणी सहसा कमी शुल्कात होते.

ठाणेकरीण
सर्वांचे आभार. रक्ततपासणी करून घेते. तयार मिळणारा मऊ गार्ड चालेल का?

नेरूळचा दंतवैद्य
शक्यतो दातांचे माप देऊन बनवलेलाच घ्या. मऊ गार्ड काही जण झोपेत चावतच राहतात. गार्ड साध्या पाण्याने धुवा, कारण गरम पाण्याने त्याचा आकार बिघडतो. महिनाभराने जबडा उघडताना दुखत असेल किंवा अडकत असेल, तर सांधा तपासून घ्यावा लागेल.