मदत हवी आहे : ‘केस कायमचे जातील’ म्हणून विकलेल्या यंत्राबाबत

नमस्कार. माझ्या बहिणीने जाहिरात पाहून घरच्या घरी केस काढण्याचे एक यंत्र ऑनलाइन मागवले. हाती आला तो बटण असलेला चिमटा; त्याने केस धरला की वीज केसातून थेट मुळापर्यंत पोहोचते, असे सोबतच्या चतकोर कागदावर लिहिले आहे. उत्पादकाचा पत्ता मात्र कुठेच नाही. केस हा विजेचा चांगला वाहक नसतो. इलेक्ट्रोलिसिसमध्ये, म्हणजे विजेने केस कायमचे काढण्याच्या पद्धतीत, बारीक सुई केसाच्या मुळाशी घालतात ती त्यासाठीच. त्यामुळे हा चिमटा केस नुसता उपटतो, असे माझे मत झाले आहे.

तक्रार केल्यावर विक्रेत्याने पैसे परत न करता, वर आणखी रक्कम घेऊन प्रकाशझोताचे, म्हणजे आयपीएल यंत्र देऊ केले. हा प्रकाश केसातील मेलॅनिन (केसाला आणि त्वचेला रंग देणारे द्रव्य) शोषून घेते आणि तापते, म्हणून पांढऱ्या केसांवर त्याचा उपयोग होत नाही आणि गडद त्वचा भाजण्याची भीती असते. बहीण सावळी आहे, पण विक्रेत्याने त्वचेचा रंग एकदाही विचारला नाही! उलट ‘एका वापरात काम फत्ते’ म्हणतो. सगळे केस एकाच वेळी वाढीच्या अवस्थेत नसतात, म्हणून एका वापरात भागत नाही, हे त्याच्या गावीही नाही.

अशा विक्रेत्याकडून पैसे परत मिळवण्याचा कोणाला अनुभव आहे का? बँकेकडे व्यवहारावर हरकत घेताना जाहिरातीचे स्क्रीनशॉट पुरावा म्हणून चालतात का? आणि आयपीएल यंत्र खरे आहे की नाही, हे घेण्यापूर्वी कसे ओळखावे?