रुगेंडासच्या चित्राला 'त्या काळचा फोटो' म्हणणाऱ्यांसाठी

मीठबंदर:
काल इथे कोणीतरी रुगेंडास या जर्मन चित्रकाराचं गुलामांच्या जहाजातलं चित्र टाकून खाली लिहिलंय, 'हा त्या काळचा फोटोच समजा, चित्रकाराने तटस्थपणे जे दिसलं ते काढलं, शाळेच्या भिंतीवर लावायला हवं'. राहवलं नाही म्हणून सविस्तर लिहितोय.

चित्र मोठं करून बघा. जहाजाच्या तळातली माणसं चक्क उभी आहेत. एक जण हात उंचावून वरच्या झरोक्यातून पाण्याचं भांडं घेतोय, एकीकडे कंदिलाच्या उजेडात खलाशी प्रेत उचलून नेताहेत, बाकीचे हातपाय पसरून बसलेत, अंगं कशी घोटीव. आता ब्रुक्स या इंग्रजांच्या गुलामवाहू जहाजाचा नकाशा घ्या, १७८८ ला प्लिमथच्या गुलामीविरोधी कमिटीने छापलेला आणि पुढच्या वर्षी लंडनला सुधारून काढलेला. ते खरंखुरं जहाज होतं. दोन डेकमधली उंची ५ फूट ८ इंच, मध्ये फळ्यांचा माळा घातला की उरली २ फूट ७ इंच. एका पुरुषाला जागा ६ फूट बाय १ फूट ४ इंच. तिथे उभं कोण राहणार?

रुगेंडास १८२२ ला लांग्सडॉर्फच्या शास्त्रीय मोहिमेबरोबर ब्राझीलला गेला, १८२५ ला युरोपात परत. हे चित्र ज्यात आहे ते पुस्तक पॅरिसला एंगेलमन या छापखानेवाल्याकडे १८२७ पासून १८३५ पर्यंत हप्त्याहप्त्याने निघालं आणि छपाईसाठी दगडावर चित्रं उतरवणारे बरेचसे दुसरेच, त्यात बॉनिंग्टनसारखा इंग्रज चित्रकार जो जन्मात ब्राझीलला गेला नाही. गिऱ्हाईक पैसेवाले युरोपियन. त्याच पुस्तकात बेंगेला, कोंगो, मोझांबिक अशी आफ्रिकेतल्या प्रदेशांची लेबलं लावून नुसती डोकी मांडलीत, नाव एकाचंही नाही. याला तटस्थ म्हणायचं?

रेवदंडेकर:
ती पोस्ट माझीच. फूटपट्टी लावून चित्र निकालात काढायची ही कुठली पद्धत? ब्रुक्सच्या नकाशात चेहरा तरी आहे का एखादा? सगळ्या आकृत्या एकसारख्या, काळे ठिपके. रुगेंडासमध्ये निदान माणूस दिसतो, त्याची तहान दिसते. सगळंच युरोपियनांच्या करमणुकीसाठी होतं म्हणता, मग देब्रे या फ्रेंच चित्रकाराचं काय? तो रिओत १८१६ ते १८३१ राहिलाय. वालोंगो रस्त्यावरच्या गुलामांच्या दुकानाचं चित्र बघा, दलाल खुर्चीत ऐसपैस बसलाय, समोर बाकांवर नुकतीच उतरवलेली पोरं, बरगड्या मोजता येतील अशी. फटक्यांची चित्रंही त्याचीच. ती बघून रिओच्याच इतिहास-भूगोल संस्थेतले लोक १८४० च्या सुमारास बिथरले, अतिशयोक्ती आहे म्हणाले. मालक वर्गाला झोंबलं म्हणजे त्यात काहीतरी खरं होतंच ना.

डेकवरचा:
मी मर्चंट नेव्हीत इंजिनिअर, रिटायर झालो. उंचीला किरकोळ समजणाऱ्यांनी एकदा जहाजाच्या तळाच्या दोन पत्र्यांमधल्या डबल बॉटम टँकमध्ये शिरून बघावं. वर प्लेट, खाली प्लेट, पाठ सरळ होत नाही, अर्ध्या तासात मानेला रग लागते आणि घाम डोळ्यात जातो, आणि मला तर वर टॉर्च घेऊन माणूस उभा होता, हाक मारली की बाहेर. आफ्रिकेतून सव्वा कोटीच्या आसपास माणसं जहाजांवर चढवली, किनाऱ्याला लागली एक कोटी सात लाखांच्या जवळपास. मधली कुठे गेली ते त्या २ फूट ७ इंचात आहे. चित्रकाराने छत वर नेलं तिथेच त्याने खोटं सांगितलं, मग तहान कितीही चांगली काढू दे.

रेवदंडेकर:
तुमचा अनुभव मोठा आहे काका, मान्य. तरी शाळेतल्या मुलाला नकाशा दाखवला तर तो पान उलटतो. माझ्या वर्गात हे बघितलंय.

सासष्टीकर:
सगळे ब्राझील ब्राझील करताय, आपल्या अंगणातलं कोणी बोलणार का? लिन्सखोटेन नावाचा डच प्रवासी १५८३ ला गोव्यात आला, आर्चबिशपचा सेक्रेटरी. त्याच्या १५९६ च्या पुस्तकात गोव्याचा बाजार आहे, घोड्यावरचा पोर्तुगीज आणि त्याच्यावर छत्री धरून धावणारा नोकर आहे. रोज सकाळी भर रस्त्यात लिलाव व्हायचा, त्यात माणसंही विकली जायची, हे त्याने स्वतः लिहिलंय. माझी आजी आम्हाला खाप्र्याची भीती घालायची, घराबाहेर पडलात तर धरेल म्हणायची. तो खाप्री म्हणजे आणलेला आफ्रिकी माणूसच, हे मला चाळिशीत कळलं. त्याचं चित्र कुठल्या शाळेत लावताय?

मीठबंदर:
विषय अटलांटिकवरच्या गुलामव्यापाराचा आहे. गोव्याचा धागा वेगळा काढा.

सासष्टीकर:
वेगळा कसा? तुम्हीच वर मोझांबिकची डोकी म्हणालात. १७५२ पर्यंत मोझांबिकचा कारभार गोव्यातून चालायचा. पुढे तिथून ब्राझीलला माणसं गेली, ती विकत घ्यायला कापड कुठलं होतं? दीव-दमणच्या व्यापाऱ्यांनी नेलेलं गुजराती कापड. त्या चित्रातल्या माणसाची किंमत आपल्या किनाऱ्यावरून गेलेल्या गाठोड्यांत मोजली गेली. ते बाजूला ठेवायचं आणि फक्त गोऱ्यांच्या नजरेवर बोलायचं, हे सोयीचं आहे.

डेकवरचा:
म्हणजे आता जहाजंही आपलीच होती म्हणा! कापड विकणारा आणि चाबूक ओढणारा एकाच मापात?

सासष्टीकर:
एकाच मापात कोण म्हणालं? गाठोडं कशाच्या बदल्यात चाललंय हे व्यापाऱ्याला पक्कं ठाऊक होतं. शब्द माझ्या तोंडात घालू नका.

निर्मला_ठाणे:
भांडणात एक गोष्ट राहून गेली. ज्यांची चित्रं काढली त्यांनी स्वतःला कसं दाखवलं? इक्वियानोने १७८९ ला आत्मचरित्र छापलं, पहिल्याच पानासमोर स्वतःचं चित्र, अंगात कोट, हातात उघडं बायबल, नजर थेट वाचणाऱ्याकडे. गुलाम म्हणून विकला गेलेला माणूस स्वतःच्या पैशाने सुटला आणि मग चेहरा कसा छापायचा ते त्याने ठरवलं. शाळेत लावायचंच तर हे लावा. तहानलेला, बेड्यांतला, फटके खाणाराच कायम का?

रेवदंडेकर:
ताई, हे बरोबर आहे. पण फक्त कोटातला माणूस लावला तर तळ कोण दाखवणार? मी रुगेंडास काढणार नाही. फार तर 'फोटोच समजा' ही ओळ काढतो आणि शेजारी ब्रुक्सची मापं देतो, काकांसाठी.

मीठबंदर:
ओळ काढताय हे चांगलं. 'तटस्थ' पण काढा. आणि कापडाचं सासष्टीकर म्हणतात ते चुकीचं नाही, सांगायची तऱ्हा चिडवणारी आहे एवढंच.

सासष्टीकर:
चिडवल्याशिवाय इथे कोणी वाचत नाही. लिन्सखोटेनच्या बाजाराखाली काय लिहायचं त्याचा धागा उद्या काढतो, तिथे 'विषय वेगळा आहे' म्हणून सटकू नका.