चर्चा: बाळाला अंगभर केळं फासणं हा अभ्यास कधीपासून झाला?

निंबाची सावली (जळगाव):
काल इथे एका ताईंनी फोटो टाकले. नऊ महिन्यांचं बाळ, खाली प्लॅस्टिक, अंगभर कुस्करलेलं केळं, शेजारी रंगवलेले तांदूळ. वर मजकूर: 'रोज अर्धा तास सेन्सरी प्ले हवाच, नाहीतर मेंदूची वाढ खुंटते.' सेन्सरी प्ले म्हणजे वस्तू हाताळून, चिवडून खेळणं. आणि खुंटते? पोरांचे हात बरबटू द्यावेत, कबूल. पण त्याचा तास कशाला लावायचा? मेथी निवडताना काड्या द्या, पोळ्याला मातीचे बैल करू द्या. बालशिक्षणात आयुष्य घालवलेल्या ताराबाई मोडक, अनुताई वाघांनी पालघरकडच्या कोसबाडला खडे, शिंपले, पानं यांवर बालवाडी चालवली. आणि इथे चौथ्या दिवशी नळ येतो. मे महिन्यात ४४ अंशांत हे सगळं धुवायचं कोणी?

चिऊची आई:
ती ताई मीच. 'नाहीतर' काढून टाकते, झालं समाधान? तुमच्याकडे मेथी निवडायला आजी असेल. आम्ही फ्लॅटमध्ये दोघंच, पोळ्या डब्याच्या. चिऊ केळं तोंडात घेत नव्हती, चिवडू दिल्यावर खायला लागली. आणि धुणं तिचे बाबा धुतात, काळजी नसावी.

केळीवाला, रावेर तालुका:
फासा हो खुशाल! २०१६ मध्ये जळगावच्या केळीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, भाव कुठे मिळाला? बोर्डावर एक लिहितात, काट्यावर दुसराच हातात टेकवतात. वादळात बाग झोपली की पंचनाम्याला कोणी फिरकत नाही. आणि तुम्ही गाडीवर डझनाला काय मोजता, सांगा बरं.

पारोळेकर:
दादा, कापूसवाल्यास्ना बी तेच हाल हायेत. क्विंटलमागे ओलाव्याच्या नावानं कापतात ते वेगळंच.

केळीवाला, रावेर तालुका:
कापूस घरात ठेवता तरी येतो. केळीचा घड कापला की थांबतो का? व्यापाऱ्याला ते पक्कं माहीत आहे.

निंबाची सावली:
अहो, धागा बाळांचा आहे!

केळीवाला, रावेर तालुका:
केळं तुम्हीच काढलं, ताई.

अंगणवाडी सेविका (चोपडा):
भांडा, पण हे वाचा. वर्षाच्या आत मध चाटवू नका. कच्ची कणीक खेळायला नको, तोंडात जाते, जंतू असतात. चणे-शेंगदाणे घशात अडकतात. पाण्यात फुगणारे रंगीत मणी तर घरातच आणू नका, गिळले की पोटात फुगतात, आतडं अडतं. माती चालेल, पण कपाशीच्या बांधावरची नको, फवारणी असते. जंताची गोळी १ वर्षानंतरच, २ वर्षांपर्यंत अर्धी, तीही चुरून.

पारोळेकर:
माय वं, आमी तं बांधावरच रांगलो! काही झालं का?

अंगणवाडी सेविका (चोपडा):
तुमच्या लहानपणी फवारण्या किती व्हायच्या? आणि ज्यांना काही झालं ते इथे लिहायला येत नाहीत, भाऊ.

निंबाची सावली:
सेविकाताईंचं पटलं. फोटोतल्या रंगवलेल्या तांदळाचं मात्र नाही. रेशनच्या रांगेत उभं राहून बघा एकदा.

चिऊची आई:
तांदूळ वाळवून परत वापरते. आणि रेशनच्या रांगेत मीच असते, तुम्ही दिसला नाहीत कधी.