अनुभव धागा : झेंडावंदनाची सुट्टी, एकट्याची गाडी आणि खानदेश

दरवर्षी ऑगस्ट आला की तोच प्रश्न येतो. सुट्टीला एकट्यानेच दुचाकी काढायची आहे, जळगाव-धुळे-नंदुरबारात कुठे जाऊ आणि काय सांभाळू? म्हणून हा धागा. 'लई मजा आली' नको. रस्ता कुठला, किती वाजता, काय अडतं आणि का अडतं, तेवढं लिहा.

सुरुवात वेळेपासून करतो. 15 ऑगस्टला मुख्य शासकीय ध्वजवंदन सकाळी 9.05 ला असतं. 8.35 ते 9.35 या वेळात बाकी कार्यालयांनी कार्यक्रम ठेवायचा नसतो, त्यामुळे गावोगावच्या शाळा साडेसात-आठलाच झेंडा फडकवून मोकळ्या होतात. त्याआधी प्रभातफेरी. म्हणजे चोपडा-यावल-रावेर किंवा दोंडाईचा-शहादा असे गावांच्या पोटातून जाणारे रस्ते पावणेसात ते साडेआठ पोरांचे असतात. हॉर्न वाजवून उपयोग नाही, गुरुजी हात आडवा करतात. एक तर साडेपाचला निघून पहिले साठ किलोमीटर आधीच मारा, नाहीतर एखाद्या जिल्हा परिषद शाळेपाशी गाडी लावून राष्ट्रगीताला उभे राहा. चॉकलेट तुम्हालाही मिळतं.

तापीकाठचा
भाऊ, दिवसाला अर्थ हवा असेल तर धुळे-सोनगीर-चिमठाणे-दोंडाईचा-नंदुरबार हा रस्ता घ्या. सोनगीरला किल्ला आहे आणि तांब्या-पितळेची भांडी घडवणारे तांबट आहेत. चिमठाण्याजवळ 1944 मध्ये क्रांतिकारकांनी सरकारी खजिना लुटला. नंदुरबारला 9 सप्टेंबर 1942 च्या मिरवणुकीवर गोळीबार झाला, त्यात शाळकरी शिरीषकुमार मेहता आणि त्याचे चार सोबती गेले. स्मारक गावातच आहे, पण सुट्टीच्या सकाळी तिथे गर्दी आणि बंदोबस्त दोन्ही असतात. गाडी लांब लावून चालत जावं. पूर्वेकडच्यांना फैजपूर जवळ पडतं. खेड्यात भरलेलं काँग्रेसचं पहिलं अधिवेशन 1936 चं, ते इथलं.

शहाद्याचा मेकॅनिक
तोरणमाळला जाणाऱ्यांनी हे वाचाच. शहाद्यापासून पन्नासेक किलोमीटर, उंची अकराशे मीटरच्या वर. टाकी शहाद्यातच फुल्ल करा, वर पंपाच्या भरवशावर राहू नका. नकाशा ऑफलाइन उतरवून घ्या, घाटात रेंज येते-जाते.

ऑगस्टमध्ये सातपायरी घाटात धुकं उतरतं. त्यात हायबीम लावला की समोर पांढरी भिंत दिसते, लो-बीमच ठेवा. वळणावर मुरूम वाहून आलेला असतो आणि पुढचा ब्रेक तिथेच दगा देतो. उतरताना गाडी दुसऱ्या गिअरवर सोडा. ब्रेक धरूनच उतरलात तर तो तापतो आणि नेमका खालच्या वळणांत पकड सोडतो. न्यूट्रल करून पेट्रोल वाचवणारे शहाणे दर पावसाळ्यात दिसतात, त्यांच्या मागे राहू नका.

दुपारी तीनला उतरायला लागा. यशवंत तलाव आणि सीताखाई तेवढ्या वेळात आरामात होतात. मुक्काम करायचा तर खोली आठवडाभर आधी पक्की करा, सुट्टीला लागून शनिवार-रविवार आला तर आणखी आधी.

काळी माती
एकट्याची खरी अडचण पंक्चर. सुट्टीच्या दिवशी पंक्चरवाले हायवेला सापडतात, आतल्या रस्त्यावर शटर खाली. ट्यूबलेस असेल तर किट सोबत ठेवा: रिमर (भोक साफ करायची खरखरीत सळई), सुई, रबरी पट्ट्या चार-पाच, सोल्युशन, पक्कड, ब्लेड आणि हवेचा छोटा पंप. खिळा काढण्याआधी जागेवर खडूने खूण करा, नाहीतर काळ्या टायरवर भोक शोधत बसाल. खिळा ज्या तिरक्या दिशेने शिरला असेल त्याच दिशेने रिमर फिरवा. पट्टी सुईत अर्ध्यावर ओवा, सोल्युशन लावा, एखादा सेंटिमीटर बाहेर राहील इतकी आत दाबा आणि सुई झटक्यात ओढा. हळू ओढली तर पट्टीही सुईबरोबर बाहेर येते. हवा भरून त्यावर थुंकी लावून पाहा, बुडबुडा नसेल तर टोक कापा. ट्यूबवाल्या चाकाला हा उपाय नाही. नवी ट्यूब आणि टायर लिव्हर जवळ ठेवा.

दुसरं म्हणजे पावसात डांबर सोडून कपाशीच्या काळ्या रानात चाक घालू नका. ही माती टायर आणि मडगार्डच्या मध्ये थापून बसते, चाक फिरायचंच थांबतं आणि मागून ढकलायला कोणी नसतं. कडेला उभी करताना साइड स्टँडखाली चपटा दगड ठेवा. कोरडी दिसणारी जमीनही वरून पापुद्रा आणि आतून लोणी असते. पाच मिनिटांत स्टँड रुततो, गाडी आडवी. भरलेली बुलेट एकट्याने उचलणं म्हणजे कंबरेचं काम.

अमळनेरची ताई
@काळी माती, दादा, उचलायची रीतही सांगायला हवी होती. आधी इंजिन बंद, गाडी गिअरमध्ये. गाडीकडे पाठ करून बसायचं, एका हाताने हँडल, दुसऱ्याने मागचा बार धरायचा आणि पायांनी रेटत मागे चालायचं. गाडी उजव्या अंगावर पडली असेल तर साइड स्टँड आधी उघडून ठेवा, म्हणजे उभी होऊन पलीकडे कलंडणार नाही.

एकट्या बायकांसाठी: हायवेच्या ढाब्यापेक्षा तालुक्याच्या एसटी स्टँडसमोरच्या खाणावळी बऱ्या, तिथे दिवसभर वर्दळ असते. 'कुठी जाऊन राह्यल्या ताई?' हा प्रश्न दर चहाला येणार. खानदेशात तो चौकशीपेक्षा आपुलकीचा जास्त असतो, तरी उत्तर 'पुढच्या गावी नातेवाईक आहेत' एवढंच. मुक्कामाचं गाव सांगू नये. लाइव्ह लोकेशन घरी चालू ठेवा, पण फोन पावसात हँडलला लावून चार्ज करू नका, पोर्टमध्ये ओल शिरते. तातडीच्या मदतीचा 112 आणि राष्ट्रीय महामार्गावरच्या मदतीचा 1033 हे दोन नंबर कागदावरही लिहून ठेवा.

जुना पोलीस पाटील
गाडीला झेंडा लावणाऱ्यांसाठी. ध्वजसंहितेनुसार मोटारीवर राष्ट्रध्वज लावायचा मान ठरावीक पदांनाच आहे. बॉनेटवर, टपावर, मागे अंथरणं तर कोणालाच नाही. प्लास्टिकचा तर नकोच. दुचाकीला अडकवलेला झेंडा धुळ्यापर्यंत जाईस्तोवर चिंध्या होऊन गटारीत पडतो. छातीला छोटा बिल्ला लावा.

आणि 15 ऑगस्ट, 26 जानेवारी, 2 ऑक्टोबर ड्राय डे. आदल्या दिवशी घेऊन डिकीत ठेवली आणि नवापूरवरून गुजरातेत शिरलात तर तिकडे दारूबंदी आहे, नाक्यावर गाडी उघडतात.

चाळीसगावकर
चाळीसगावजवळची पाटणादेवी ऑगस्टमध्येच बघावी, पण पाऊस कुठे पडतोय ते बघा. पाणी येतं कन्नडकडच्या डोंगरावरून. खाली ऊन असताना वर ढग फुटला तरी डोंगरी नदी तासाभरात चढते. 2021 च्या ऑगस्ट अखेरीस डोंगरी-तितूर नद्यांच्या पुराने चाळीसगावात काय केलं ते सगळ्यांना माहीत आहे, त्याच वेळी कन्नड घाटात दरडीही कोसळल्या. फरशी पुलावरून पाणी गढूळ वाहत असेल आणि तळ दिसत नसेल तर थांबा. दुचाकीला गुडघाभर पाणीही पुष्कळ. घाटातून 2023 पासून न्यायालयाच्या आदेशाने जड वाहनं बंद झाली, त्यामुळे कारवाले मोकळ्या रस्त्यावर सुसाट येतात. दुचाकीवाल्यांनी डावी कड सोडू नये.

तापीकाठचा
26 जानेवारीला हिशेब वेगळा. जळगावकडे सूर्य सातनंतर उगवतो, सव्वासहाच्या सुमारास मावळतो. 15 ऑगस्टच्या मानाने उजेड पावणेदोन तास कमी. पहाटे तापीकाठी धुकं, संध्याकाळी शहादा भागात उसाच्या डबल ट्रॉल्या. मागे ना लाइट ना रिफ्लेक्टर, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला. समोरून येणाऱ्याच्या उजेडात ट्रॉली अजिबात दिसत नाही. अंधाराआधी मुक्काम गाठा.

खायचं म्हणाल तर जानेवारीच. भरताची हिरवी वांगी तेव्हाच असतात. तुरीच्या किंवा कपाशीच्या वाळल्या काड्यांवर भाजलेलं भरीत आणि कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी मागा. शेवभाजी दुपारी नको, तो रस्सा पोटात घेऊन दोनच्या उन्हात डोळे मिटतात.

काळी माती
@अमळनेरची ताई, बरोबर. भर एकच: पडलेल्या गाडीतून पेट्रोल सांडलं असेल तर दहा मिनिटं सेल्फ मारू नका.