जुने सिनेमे सुचवा: वेगळ्या वंशाचा जोडीदार आणि घरच्यांचा विरोध

शुक्रतारा: आमच्या फिल्म क्लबात या विषयावर दोन सिनेमे दाखवायचे आहेत. १९७५ च्या आधीचे हवेत, आणि विरोध घरातून होणारा हवा. 'गेस हूज कमिंग टू डिनर' (१९६७) माहीत आहे, पण त्यातला जावई जगप्रसिद्ध डॉक्टर. इतका गुणी मुलगा असल्यावर होकार देण्यात कसलं मोठेपण?

अनवट: दिग्दर्शक फासबिंडरचा जर्मन 'अली: फिअर ईट्स द सोल' (१९७४) डोळे झाकून लावा. साफसफाईची कामं करणारी साठीची विधवा एमी वयाने बरंच लहान असलेल्या अली या मोरोक्कन कामगाराशी लग्न करते. मुलांना बोलावून नवरा दाखवते. कुणी अवाक्षर काढत नाही. कॅमेरा एकेका चेहऱ्यावरून सरकतो, आणि मग एक मुलगा उठून लाथेने आईचा टीव्ही फोडतो. पुढे मूल सांभाळायला कुणी हवं झाल्यावर हाच मुलगा आईकडे गोडीगुलाबीने येतो! माझ्या मते सिनेमाचा खरा घाव तिथे आहे. आणि एमीही सुटत नाही. मैत्रिणींना अलीचे दंड चाचपून बघायला लावते, त्याच्या देशाकडचा कुसकुस हा पदार्थ मात्र करून देत नाही.

माजघर: +१. सोबत 'वन पोटॅटो, टू पोटॅटो' (१९६४) घ्या. घटस्फोटित गोरी ज्युली आणि तिचा कृष्णवर्णीय सहकारी फ्रँक लग्न करतात, तर पहिला नवरा मुलीच्या ताब्यासाठी कोर्टात जातो. निकाल ऐकून जीव तुटतो. फ्रँकच्या वडिलांनाही हे लग्न आधी पटलेलं नसतं. ज्युली झालेल्या बार्बरा बॅरीला कान चित्रपट महोत्सवात अभिनयाचं पारितोषिक मिळालं होतं.

शुक्रतारा, 'डिनर'वर मात्र अन्याय करू नका. चित्रीकरण झालं तेव्हा अमेरिकेतल्या अनेक राज्यांत असं लग्न बेकायदा होतं. ही बंदी रद्द करणारा 'लव्हिंग' खटल्याचा निकाल १२ जून १९६७ चा, सिनेमा आला डिसेंबरात. आणि त्यात जावई झालेल्या सिडनी पॉइटियेचा वडिलांशी होणारा वाद पुन्हा बघा. निवृत्त पोस्टमन बाप मुलासाठी खाल्लेल्या खस्तांचा हिशोब मांडतो, आणि मुलगा ते ऋण साफ नाकारतो. आपल्याकडच्या कितीतरी घरांत हेच चालतं.

शुक्रतारा: तो प्रसंग चर्चेत नक्की घेते. मग आधी 'वन पोटॅटो', पुढच्या महिन्यात 'अली'. आभार!