मदत हवी आहे: सीसीटीओच्या पेलेटचा टॅन डेल्टा महिन्याभरात बारा पट

नमस्कार मंडळी. जळगावात पीएचडी करतोय, पेरोव्स्काइट (एका ठरावीक स्फटिकरचनेच्या) ऑक्साइडवर. सध्या हातात कॅल्शियम कॉपर टायटनेट आहे, म्हणजे सीसीटीओ. कॅल्शियम कार्बोनेट, कॉपर ऑक्साइड, टायटॅनियम डायऑक्साइड १:३:४ प्रमाणात अगेटच्या खलात घोटलं, ९५० अंशांना कॅल्सिनेशन (भाजून संयुग बनवणं), पीव्हीए हा चिकट बाइंडर घालून पेलेट म्हणजे दाबलेली चकती, १०५० ला दहा तास सिंटरिंग (कण एकजीव व्हावेत म्हणून भाजणं). (एका लॉटच्या वेळी मध्येच लाइट गेली, तो लॉट फेकला. तो विषय नको.) एक्सआरडी (क्ष-किरण तपासणी) स्वच्छ, घनता सैद्धांतिक घनतेच्या ८६ टक्के.

एप्रिलच्या सुरुवातीला मोजलं तेव्हा १ किलोहर्ट्झला डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट (वीजभार साठवायच्या क्षमतेचं माप) ९,४०० आणि १०० हर्ट्झला टॅन डेल्टा (लॉस, म्हणजे वाया जाणाऱ्या ऊर्जेचं माप) ०.१४. खूश होतो. मे महिन्यात तोच पेलेट, तेच सिल्व्हर पेस्टचे इलेक्ट्रोड, आणि १०० हर्ट्झला टॅन डेल्टा थेट १.७! गंमत म्हणजे १०० किलोहर्ट्झच्या पुढे जुना-नवा ग्राफ एकमेकांवर बसतो. तापवत नेलं की ७०-८० अंशांजवळ फुगवटा येतो, थंड करताना येत नाही.

गाइड म्हणतात, "ऑक्सिजन व्हेकन्सी लिहून टाक," म्हणजे जाळीतल्या ऑक्सिजनच्या रिकाम्या जागा. पण कपाटात ठेवलेल्या पेलेटमध्ये महिन्याभरात व्हेकन्सी वाढत असतील तर भट्टी कशाला पेटवायची? व्हायवाला कोणीतरी धरणारच. हे खरं रिलॅक्सेशन (पदार्थातले भार बदलत्या फील्डच्या मागे पडणं) आहे का?

भुसावळकर: भाऊ, आधी सांग, लॅबमध्ये कूलर लावता का? मे महिन्यात आपल्याकडे त्याशिवाय कोण बसतं, म्हणून विचारतोय. ८६ टक्के घनता म्हणजे पेलेटला छिद्रं आहेत. त्यात ओल शिरली की आतल्या पृष्ठभागांवरून प्रोटॉन सरकतात आणि कमी फ्रिक्वेन्सीला लॉस चढतो. वरच्या फ्रिक्वेन्सीला त्यांना तेवढा वेळच मिळत नाही. तापवलं की पाणी उडतं, म्हणून परतीच्या वाटेवर फुगवटा नाही. खरं रिलॅक्सेशन असतं तर येता-जाता दोन्हीकडे दिसलं असतं, आणि फ्रिक्वेन्सी वाढवल्यावर जास्त तापमानाकडे सरकलं असतं. तुझा सरकतो का?

धागाकर्ता: नाही सरकत. आणि कूलर एलसीआर मीटरच्या (ज्यावर हे सगळं मोजतो त्या यंत्राच्या) मागच्याच खिडकीत आहे. सँपल होल्डरवर थेट वारा येतो.

भुसावळकर: मग काय. कूलरनीच वाट लाई दिन्ही!

सिरॅमिकवाली: ओलीचं ठीक, पण ती गेली तरी ९,४०० हा आकडा क्रिस्टलचा स्वतःचा समजू नकोस. सीसीटीओचा प्रचंड कॉन्स्टंट २००० साली गाजला, आणि २००२ मध्ये इम्पीडन्सच्या (एसी करंटला होणाऱ्या विरोधाच्या) कामातून आतली गोष्ट पुढे आली: ग्रेन म्हणजे आतले स्फटिककण सेमीकंडक्टिंग, ग्रेन बाउंड्री म्हणजे त्यांच्यामधल्या सीमा इन्सुलेटिंग. करंट वाहायला लागणारी अ‍ॅक्टिव्हेशन एनर्जी अनुक्रमे ०.०८ आणि ०.६० इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास. म्हणजे पेलेटभर पातळ कपॅसिटर विखुरलेले. त्यात इलेक्ट्रोडजवळचा थरही हात मारतो, तो वेगळा काढावा लागतो. सोपी चाचणी सांगते. पेलेट घासून जाडी अर्धी कर, पुन्हा इलेक्ट्रोड लाव. कपॅसिटन्स दुप्पट झाला तर गोष्ट पेलेटच्या आतली. कपॅसिटन्स तसाच राहून हिशेबातला कॉन्स्टंट अर्ध्यावर आला तर इलेक्ट्रोडची. आणि झेड डबल प्राइम, एम डबल प्राइम (इम्पीडन्स आणि इलेक्ट्रिक मॉड्युलस यांचे इमॅजिनरी भाग) फ्रिक्वेन्सीसमोर एकाच ग्राफवर काढ. पहिल्यात सगळ्यात जास्त रेझिस्टन्सचा भाग उठून दिसतो, दुसऱ्यात सगळ्यात कमी कपॅसिटन्सचा. दोन्ही शिखरं वेगळ्या फ्रिक्वेन्सीला आली तर एका रिलॅक्सेशनने भागणार नाही.

धागाकर्ता: ताई, भाऊ, चार दिवसांनी लिहितोय. पेलेट १५० अंशांना दोन तास ठेवला, गरम असतानाच डेसिकेटरमध्ये (ओल शोषणाऱ्या बंद भांड्यात) टाकला. रात्री अकरानंतर कूलर बंद करून, घामाने निथळत मोजला. १०० हर्ट्झला टॅन डेल्टा ०.१९, फुगवटा गायब! गाइडना दोन्ही ग्राफ दाखवले, "बरं" एवढंच म्हणाले.

मग १.६ मिलिमीटरचा पेलेट ०.८ पर्यंत घासला (एक कडा उडाली, क्षेत्रफळ पुन्हा मोजलं). १ किलोहर्ट्झला कॉन्स्टंट ९,५०० वरून ८,१०० वर आला. अर्धा नाही, पण तेवढाच राहिला असंही नाही. म्हणजे इलेक्ट्रोडचा थोडा वाटा आहेच ना? सिल्व्हर पेस्ट काढून सोन्याचा थर देऊन बघायचा विचार आहे. धुळे किंवा नाशिककडे कोणाच्या ओळखीत गोल्ड स्पटरिंग करून मिळतं का? फक्त दोन पेलेट आहेत. एसटीने घेऊन येईन, डब्यात सिलिका जेल घालून.