तातडीची मदत: सांगलीतल्या अधिवेशनासाठी लोड बँक कुठे मिळेल?

कुपवाड_डीजी
नमस्कार. आमच्या जनरेटर विक्रेते आणि सर्व्हिसवाल्यांच्या संघटनेचं अधिवेशन २२ आणि २३ तारखेला सांगलीत आहे. पुण्याहून ठरलेली लोड बँक (जनरेटरवर मुद्दाम लोड टाकून तो तपासायचं यंत्र) काल रात्री रद्द झाली. दुसऱ्या साइटवर गेली म्हणे. २३ ची अख्खी सकाळ तिच्यावरच अवलंबून आहे. कुणाकडे आहे का? भाड्याने चालेल. कोल्हापूर, सातारा, इचलकरंजी, कुठूनही उचलून आणू. लवकर सांगा.

वायरमन_मिरज
किती किलोवॅटची? सेट किती केव्हीएचा? सिंगल फेज का थ्री फेज? हे न सांगता कोण काय देणार दादा?

विटेकर
डिझेलचे दिवस संपत आलेत. मी घरी हायब्रिड इन्व्हर्टर आणि लिथियम बॅटरी बसवली, वर सोलार. आवाज नाही, धूर नाही. अधिवेशनात तो विषय घ्या, लोकांना फायदा होईल.

कुपवाड_डीजी
विटेकर, तो विषय २२ ला दुपारी आहे. मी लोड बँक विचारतोय.
वायरमनदादा, सेट ६२.५ केव्हीए, थ्री फेज, ४१५ व्होल्ट, नवा सीपीसीबी फोर प्लसवाला (प्रदूषणाच्या नव्या नियमांचा), ट्रॉलीवर.

जुना_मेकॅनिक
लोड बँकेला कशाला पैसे घालवताय? आम्ही २०० लिटरच्या पिंपात मीठ-पाणी घालून तीन पत्रे सोडायचो. पत्रे खाली सोडत गेलं की लोड वाढतो. पंचवीस वर्षं असेच सेट तपासले.

वायरमन_मिरज
मामा, उघड्या पिंपात थ्री फेज, आणि भोवती शंभर माणसं? पाणी तापलं की करंट आपोआप चढतो, कुणीतरी सतत पत्र्यापाशी उभं राहावं लागतं. कुणाला काही झालं तर? अजिबात करू नका.

जुना_मेकॅनिक
आमच्या काळी कुणाला काही झालं नाही. भीती वाटत असेल तर दोरी बांधा, माणसं लांब ठेवा.

साताऱ्याची_वैशाली
इथे जाणकार मंडळी आहेत म्हणून विचारते. आमच्या सोसायटीचा २५ केव्हीएचा सेट सुरूच होत नाही, नुसता टकटक आवाज येतो. बॅटरी गेली असेल का?

वायरमन_मिरज
ताई, आधी बॅटरीचे टर्मिनल साफ करून घट्ट करा. स्टार्टर मारताना १२ व्होल्टच्या बॅटरीचं व्होल्टेज ९ च्या खाली जात असेल तर बॅटरीच गेली. बाकीचं नवीन धाग्यात विचारा, तिथे सांगतो.

पाचगणी_सर्व्हिस
मूळ प्रश्न: नेमकं काय दाखवायचं आहे? नुसती रेझिस्टिव्ह बँक (म्हणजे हीटर) लावली तर इंजिनाची परीक्षा होते, अल्टरनेटरची (वीज तयार करणाऱ्या भागाची) पूर्ण होत नाही. ६२.५ केव्हीए म्हणजे ०.८ पॉवर फॅक्टरला ५० किलोवॅट. ५० किलोवॅट हीटर लावले तर इंजिन शंभर टक्के, पण अल्टरनेटरवर ८७ पैकी ७० अँपिअरच. पूर्ण परीक्षा हवी तर इंडक्टिव्ह (कॉइलची) बँकही लागेल, आणि ती आपल्या भागात मिळणं अवघड. आणि अधिवेशनात उंचीच्या डीरेटिंगवर (उंचीवर हवा विरळ, म्हणून सेटची ताकद कमी धरायची) कुणीतरी बोला हो. महाबळेश्वरला खालच्या हिशोबाने सेट विकतात, मग वर तक्रारी आमच्याकडे येतात.

कुपवाड_डीजी
इंजिनच दाखवायचं आहे. कारण आधीच लिहायला हवं होतं, आता लिहितो.
२०१९ च्या पुरात आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५. त्या आठवड्यात मिरजेतल्या एका दवाखान्याचा सेट आम्ही सांभाळत होतो. दर शनिवारी दहा मिनिटं रिकामा चालवायचा, रजिस्टरला सही करायची. कित्येक वर्षं असंच चाललं. त्या रात्री लाइट गेली, लिफ्ट आणि पंप एकदम लागले, सेट दबला आणि ट्रिप झाला. सायलेन्सरच्या जोडातून काळं ऑइल गळत होतं. रिकाम्या सेटचं इंजिन तापतच नाही, अर्धवट जळालेलं डिझेल आणि काजळी आत साचत जाते. तीस टक्क्यांच्या खाली सतत चालवलं की हेच होतं. आम्ही एकेक फीडर (एकेका भागाची लाइन) जोडत पहाटेपर्यंत तिथेच बसलो. पेशंट सुखरूप राहिले. पण रजिस्टरवर सही आमचीच होती.
म्हणून पोरांना डोळ्यांनी बघू दे: लोड टाकला की फ्रिक्वेन्सी किती पडते, किती सेकंदात सावरते, धूर कसा बदलतो. भाषणाने हे डोक्यात जात नाही.

वायरमन_मिरज
पटलं दादा. हे पहिल्यांदा लिहिलं असतं तर निम्मे प्रश्न आले नसते.

कृष्णाकाठ
पुराचा विषय निघालाच आहे तर बेसमेंटमधल्या सेटवरही बोला. कित्येकांचे सेट चांगले होते, पण तळघरात बुडाले. पॅनल, बॅटरी, डिझेल टाकी सगळं वर घ्यायला सांगा.

फलटणचा_अनिकेत
आपला जिल्हा आणि शेजारचा, दोन्ही इंजिनांचे. किर्लोस्करवाडी १९१० ची. साताऱ्यात कूपर, आमच्याकडे फलटणला कमिन्सचा कारखाना. या इतिहासावर एक सत्र ठेवा की. आणि अमेरिकेत ईजीएसए नावाची संघटना आहे, १९६५ पासून. ती जनरेटर टेक्निशियनची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देते. तसं आपल्याकडे सुरू करा, अधिवेशनात ठरावच मांडा.

पाचगणी_सर्व्हिस
परीक्षा हवीच. १ जुलै २०२३ पासून प्रदूषणाचे नवे नियम (सीपीसीबी फोर प्लस) लागू झाले, ८०० किलोवॅटपर्यंतची इंजिनं बदलली. लॅपटॉप जोडल्याशिवाय दोष कळत नाही आणि अर्ध्या पोरांकडे लॅपटॉप नाही.

जुना_मेकॅनिक
कानाने दोष कळतो. कान तयार करा आधी.

पावडर_कोटिंग_कुपवाड
धागा आत्ताच बघितला. आमच्या ओव्हनला ४८ किलोवॅटचे हीटर आहेत, १६ चे तीन बँक, प्रत्येकाला वेगळा कॉन्टॅक्टर (स्विच). २३ ला आमची सुट्टी आहे. लोड बँक हॉलवर नेण्यापेक्षा सेटच माझ्या शेडमध्ये आणा. ट्रॉलीवर आहेच ना.

पाचगणी_सर्व्हिस
हे उत्तम! १६, ३२, ४८ म्हणजे ३२, ६४ आणि ९६ टक्के. पायऱ्या आयत्याच मिळाल्या. तिन्ही फेजवर लोड सारखा आहे ना? ४८ ला प्रत्येक फेजवर ६७ अँपिअर दिसायला हवेत.

पावडर_कोटिंग_कुपवाड
सारखा आहे, क्लॅम्प मीटर लावून दाखवतो. पण ओव्हन २०० डिग्रीला गेला की कंट्रोलर हीटर तोडतो.

जुना_मेकॅनिक
दारं सताड उघडी ठेवून ब्लोअर चालू ठेवा. तापमान चढणारच नाही, तासभर लोड मिळेल.

वायरमन_मिरज
मामांचं हे बरोबर. पण महावितरणची येणारी केबल पॅनलवरून पूर्ण सोडवा. नुसता स्विच खाली करून चालणार नाही. उलटी सप्लाय लाइनवर गेली तर खांबावरचा माणूस जाईल. सेटच्या न्यूट्रलला दोन स्वतंत्र अर्थिंग, आणि जोडणी लायसनवाल्या ठेकेदाराकडून.

कुपवाड_डीजी
तुमचे फार उपकार आहेत. उद्या सकाळी नऊला शेडवर येतो, पॅनल बघतो. वायरमनदादा, पाचगणीकर, जमलं तर तुम्हीही या. जुना_मेकॅनिक मामा, २३ ला पोरांपुढे धूर आणि आवाज ओळखायला तुम्हीच शिकवायचं, गाडी पाठवतो.
एकच अडचण उरली. सेट शेडच्या बाहेर उभा करावा लागेल, त्यामुळे साडेतीन कोअरची ३५ स्क्वेअरची ॲल्युमिनियम केबल तीस मीटर लागेल. कुणाकडे पडून आहे का?

वायरमन_मिरज
माझ्याकडे बावीस मीटर आहे. सेट गेटच्या आतल्या बाजूला लावला तर पुरेल. उद्या टेप घेऊन येतो, मोजू.